पोर्तुगालची पाहुणी

कोशित्से शहरातून निघताना सिडोनियाने केस बांधले, जिन्यात सोडले आणि गाडीत बसल्यावर पुन्हा बांधले.

"अगं, जेवायला चाललोय आपण, परीक्षेला नाही," रास्तो म्हणाला.

त्याला काय जातंय म्हणायला! रविवारचं जेवण म्हणजे परीक्षाच की. आणि परीक्षक कोण, तर रास्तोचे आजोबा वेन्देलीन, ज्यांच्या शब्दापुढे त्या घरात कुणाचं काही चालत नाही. ठरलं होतं ते असं: लेवोच्या या गावी रास्तोच्या घरी जायचं, सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं आणि सूप वाढलं, आजोबांनी ग्लास उचलला की रास्तोने उठून सांगायचं, ही सिडोनिया मिर्गोवा, सप्टेंबरात आम्ही लग्न करतोय. बस्स, एवढंच. या एका वाक्याची सिडा दोन वर्षं वाट बघत होती. रास्तोची आई हेर्मीनाबाई, त्यांना सगळं ठाऊक होतं. कोशित्सेला येऊन त्यांनी सिडाच्या हातची कॉफीसुद्धा प्यायली होती. आजोबांच्या कानावर मात्र कुणी काही घातलं नव्हतं. "त्यांचं वय झालंय," एवढं बोलून सगळे विषय बदलायचे.

आता यात सांगायला अवघड काय होतं? तर सिडा रोमा होती, लोक ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात त्यांच्यातली. लेवोच्याच्या बाहेर टेकडी ओलांडली की ओढ्याकाठी पत्र्याच्या छपरांची एक वस्ती आहे, तिथली. गावच्या तटापासून चालत तासाभराची वाट. लहानपणी आईबरोबर ती रानातली ब्लूबेरी विकायला यायची, ती वेशीबाहेर बसून. पुढे शिकायला कोशित्सेला गेली ती तिथेच राहिली, आणि आता एका दवाखान्यात एक्स-रे काढते. रास्तो कॉम्प्युटरच्या कंपनीत. पाय मुरगळला म्हणून दवाखान्यात आला आणि पुढे पाय बरा झाला तरी येत राहिला.

हेर्मीनाबाई लेवोच्याच्या तटाला जी ‘कोशित्से वेस’ म्हणतात, तिच्यापाशी वाट बघत उभ्या होत्या. चर्चला जायचा निळा ड्रेस, गळ्यात मोती, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू आता फोटो निघणार आहे. त्यांनी सिडाच्या गालाला गाल लावले, मग जरा मागे होऊन तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"छान दिसतेस गं. केस असेच बांधलेले ठेव."

"घरी जायचं ना, काकू?"

"जाऊ की! सूप अजून शिजतंय, व्लास्ता बसलीये त्याच्यापाशी." व्लास्ता म्हणजे त्यांची नणंद, रास्तोची आत्या. "तोवर गाव बघू. घरी आलेल्या माणसाला गाव दाखवायचं नाही, असं कधी झालंय का?"

"मी इथलीच की हो, काकू," सिडा हसून म्हणाली.

"इथली असशील. पण नीट बघितलंयस का कधी?"

बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. सिडा या वेशीतून किती वेळा आत आली असेल, त्याचा हिशेब नाही. पण कधी कचेरीत शिक्का मारून घ्यायला, कधी डॉक्टरकडे, कधी दुकानात, जिथे आत पाऊल टाकलं की दुकानदार मागे मागे फिरायचा. काम झालं की माघारी. रमतगमत, मान वर करून बघत फिरायला तिला कुणी बोलावलंच नव्हतं. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. सासू होणारी बाई आपल्याला गाव दाखवतेय, याचा अर्थ आपण तिच्या गावच्या झालो, असं त्या भोळीच्या मनात आलं.

तर आधी तट झाला. बाहेरून, सबंध. दगडी भिंत, तिच्या पायाशी गवत, गवतात कुणाची तरी बकरी. हेर्मीनाबाई पुढे, मागे हे दोघं. रास्तो फोटो काढत होता. जुन्या बुरुजापाशी बाई थांबल्या.

"ही गोष्ट माहीत आहे ना तुला? याच तटात एक चोरवाट होती म्हणतात, आणि एका बाईने रात्रीतून ती उघडून वैऱ्याला आत घेतलं. कशापायी? प्रेमापायी! सबंध गाव एकीकडे आणि हिचं प्रेम एकीकडे."

"मग पुढे काय झालं?" रास्तोने विचारलं. त्याला माहीत होतं, पण आईला बोलू द्यायची त्याची पद्धत होती.

"व्हायचं काय? मान उडवली तिची." आणि बाईंनी सिडाच्या दंडावर हलकेच थोपटलं. "चला, पुढे चला. ऊन चढतंय."

टोमणा होता की नुसती गोष्ट, हे सिडाला ठरवता येईना. तिने आपलं गोष्टीत जमा केलं. माणूस चांगल्या दिवशी असंच करतो.

तेवढ्यात घंटा वाजल्या. चर्चमधली रविवारची मोठी प्रार्थना सुटली होती.

या गावात मोठी प्रार्थना सुटली की कुणी थेट घरी जात नाही. चौकात लिंडेनच्या झाडांखालून, जुन्या टाउन हॉलच्या कमानींना वळसा घालून सगळं गाव सावकाश फिरतं. घरोघरी सूप मंद आचेवर असतं, घाई कुणालाच नसते. आणि ज्या घरात लग्न ठरलेलं असतं त्या घरची आई मुलाला आणि सुनेला घेऊन त्या फेरीत उतरते. तोंडाने काही सांगावं लागत नाही. पोरीचा हात पोराच्या हातात दिसला की संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असतं. वस्तीवरच्यांनासुद्धा हे माहीत आहे. सिडाने लहानपणी ब्लूबेरीच्या पाटीमागून अशा किती जोड्या बघितल्या होत्या.

तिने रास्तोचा हात धरला. त्यानेही धरला, घट्ट.

"आपण मागच्या गल्लीने जाऊ या का?" हेर्मीनाबाई म्हणाल्या. "चौकात फार गर्दी असेल."

"नको आई. चौकातूनच जाऊ."

अशी छाती भरून आली सिडाची, काय सांगावं! या माणसासाठी आपण उगाच रात्र रात्र जागलो, असं तिला वाटून गेलं.

चौकात शिरले आणि समोरून कोर्नेलियाबाई आल्या. या कोर्नेलियाबाई म्हणजे हेर्मीनाबाईंच्या शेजारीण, चर्चच्या गायनमंडळात पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आणि गावातली कुठलीही बातमी शिळी होऊ न देणाऱ्या. त्यांनी आधी रास्तोकडे बघितलं, मग सिडाकडे, मग दोघांच्या हातांकडे.

"अगंबाई हेर्मीना! आणि ही कोण?"

हेर्मीनाबाईंचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"ही ना? ही पोर्तुगालची! रास्तोच्या कंपनीतली पाहुणी. चार दिवस आलीये, म्हटलं जरा गाव दाखवावं. आपली भाषा नाही हो येत बिचारीला, एक अक्षर नाही."

सिडाला हसूच आलं. इतकं अचाट काही ऐकलं की आधी हसूच येतं. तिने रास्तोकडे बघितलं. आता हा म्हणेल, आई, काहीतरीच काय! आणि सगळे हसतील.

रास्तो हसला खरा. पण त्याने सिडाचा हात सोडला आणि म्हणाला, "हो ना, लिस्बनच्या ऑफिसातली."

झालं. सुटला तो हात.

कोर्नेलियाबाई खूश. सिडाच्या भोवती फिरून त्यांनी तिला असं निरखलं, जशी नवी आणलेली कोंबडी निरखतात. "काय गं बाई डोळे! आणि रंग बघ. दिसायला जरा आपल्या त्या वस्तीवाल्यांसारखी आहे, नाही? पण फरक लगेच कळतो हो. चालण्यातच कळतो. परदेशी लोकांचा डौलच वेगळा."

"फरक तर आहेच," हेर्मीनाबाई म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"मी येते ना तुमच्याबरोबर! चर्चमधली वेदी मी दाखवते हिला. तुला कुठे धड सांगता येतंय."

नको म्हणायची सोय नव्हती. कोर्नेलियाबाई घरी छत्री ठेवून येते म्हणून गेल्या, तेवढ्यात सिडाने रास्तोला टाउन हॉलच्या कोपऱ्यात ओढलं. तिथे तो लोखंडी पिंजरा आहे, जुन्या काळी बदनाम बायकांना ज्यात कोंडून चौकात उभं करायचे तो. त्याच्यापुढे एक कुटुंब फोटो काढत होतं.

"पोर्तुगाल?" सिडा दातओठ खात म्हणाली. "पोर्तुगाल, रास्तो?"

"अगं आई घाबरली. तिच्या तोंडून निघून गेलं. मी काय करणार होतो, चौकात आईला खोटं पाडणार होतो?"

"हो! पाडायचं होतंस!"

"हळू बोल. तुला भाषा येत नाहीये." आणि या शहाण्याला स्वतःच्याच विनोदाचं हसू आलं. मग तिचा चेहरा बघून तो गंभीर झाला. "सिडा, ऐक. ही कोर्नेलियाबाई आपली कोण? कुणी नाही. तिला काय वाटायचं ते वाटू दे. खरं घरी सांगायचंय, आजोबांना. टेबलाशी. ते मी सांगणार आहे. सूप वाढलं, आजोबांनी ग्लास उचलला की मी उठतो. शब्द देतो तुला. तोवर तासभर नुसती गाव बघ."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"मी शब्द देतोय ना."

तिने श्वास घेतला. दोन वर्षं थांबलो, तर तास काय मोठा! अशी स्वतःची समजूत घालून ती परत फिरली. राग आला होता, पण तिने तो गिळला.

मग सुरू झालं ते गाव दाखवणं. देवा, देवा! कोर्नेलियाबाईंना वाटे की परक्या माणसाशी ओरडून बोललं की त्याला कळतं. "चर्च!" त्या ओरडायच्या आणि चर्चकडे बोट दाखवायच्या. "जुनं! खूप जुनं! म्हातारं!" आणि पाठीत वाकून म्हातारी करून दाखवायच्या. सिडा मान डोलवायची. तिकिटाच्या खिडकीत हेर्मीनाबाईंनी घाईघाईने इंग्रजी माहितीपत्रक उचललं आणि तिच्या हातात कोंबलं. ती ते उलटसुलट करत राहिली.

"पर्स सांभाळ म्हणावं तिला," दारातच कोर्नेलियाबाई रास्तोला म्हणाल्या. "इथे ती वस्तीवरची पोरं घुटमळत असतात. परदेशी बाई दिसली की संपलंच." आणि सिडाला कळावं म्हणून स्वतःची पर्स छातीशी गच्च धरून, डोळे बारीक करून, इकडेतिकडे चोरासारखं बघून दाखवलं.

सिडाने पर्स छातीशी धरली. काय करणार! बाहेर पायरीवर दोन पोरी बसल्या होत्या, त्यातली एक तिच्या मामेभावाची निघाली असती तरी नवल नव्हतं. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. या न बघण्याची तिला जी लाज वाटली, तेवढी पोर्तुगालचीसुद्धा वाटली नव्हती.

चर्चमध्ये गार होतं. ती लाकडी वेदी पार छतापर्यंत गेलेली, सोन्याने झळकत असलेली. खाली, माणसाच्या नजरेच्या उंचीवर, येशूचं शेवटचं जेवण कोरलंय. सगळे एका टेबलाशी. एकजण खातोय, एकजण पितोय, एकाला तर झोप लागून गेलीये आणि त्याने डोकं सरळ येशूच्या मांडीवर टाकलंय.

"बघ, बघ, कसा झोपलाय!" कोर्नेलियाबाई म्हणाल्या, आणि हात गालाखाली घेऊन घोरून दाखवलं.

सिडा बघत राहिली. किती निवांत बसलेत सगळे, तिला वाटलं. कुणी कुणाला, तू कुठली, असं विचारत नाहीये. तिने मनातल्या मनात एकच मागणं मागितलं, की याचं धैर्य जायला नको. टेबलापर्यंत टिकू दे.

"हेर्मीना, पोरगी गुणी आहे हो," मागे कोर्नेलियाबाई कुजबुजल्या. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजल्या. "कशी भक्तीने बघतेय. मी तर म्हणते, रास्तोने हिच्याशीच जमवावं. परदेशी सून! नाहीतर हल्ली काय काय ऐकावं लागतं. वरच्या गल्लीतल्या पोराने त्या वस्तीवरची केली ना. आई अंथरुणाला खिळली."

"हो, ऐकलं मी," हेर्मीनाबाई म्हणाल्या.

"मी असते तर जीव दिला असता."

"नाहीतर काय."

सिडाला हेर्मीनाबाईंचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज ऐकू आला होता. तो घाबरलेल्या माणसाचा आवाज नव्हता. मनापासून पटलेल्याचा होता. कोशित्सेला येऊन माझ्या कपातून कॉफी प्यायलीस गं बाई, तिच्या मनात आलं, आणि मी तुला चांगलं समजत होते.

दुपारी घरोघरच्या खिडक्यांतून सूपाचा वास यायला लागला तेव्हा कोर्नेलियाबाई एकदाच्या आपल्या दारात वळल्या. सिडाचे दोन्ही हात धरून ओरडल्या, "पुन्हा! ये! पुन्हा!"

हेर्मीनाबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, चौकाच्या मागच्या गल्लीत. जिन्यात सिडा थांबली.

"काकू, आता घरात तरी मी माझ्या नावाने बसणार ना?"

हेर्मीनाबाई किल्ली शोधायला लागल्या. किल्ली हातातच होती. "अगं, जेवून तर घेऊ आधी. तुम्हा आजकालच्या मुलींना सगळं कसं लगेच हवं असतं."

"आई, मी बोलणार आहे," रास्तो म्हणाला. पण दार उघडलं तसा त्याचा आवाज खाली गेला.

आत व्लास्ताआत्यांनी दारातच सपाता काढून ठेवल्या होत्या, पाहुण्यांसाठीच्या नव्या, लोकरीच्या. म्हणजे बातमी सिडाच्या आधी घरी पोचली होती. कोर्नेलियाबाई छत्री ठेवायला गेल्या त्या वाटेत काय काय ठेवून आल्या, देव जाणे. "पोर्तुगाल! वा, वा!" आत्या टाळ्या वाजवत म्हणाल्या. "वहिनी, हिला खिडकीपाशी बसव, तिथून तटबंदी दिसते. माझी खुर्ची दे तिला, तिची गादी मऊ आहे."

आजोबा आले. उंच, काटक, पांढरा शर्ट, गळ्याशी बटण. त्यांनी सिडाचा हात हातात घेऊन त्यावर ओठ टेकवले. "स्वागत, मुली. आमचं साधंच आहे सगळं." मग रास्तोकडे वळून, "सांग तिला."

रास्तोने सांगितलं नाही. नुसतं हसला.

पांढरं टेबलक्लॉथ, कडेला निळी नक्षी असलेल्या खोल प्लेटा, मध्ये मोठं भांडं, त्यात कोंबडीचं पिवळंधमक सूप, घरी कापलेल्या, केसासारख्या बारीक नूडल्स. आत्यांनी पहिली प्लेट सिडाची भरली, त्यात कोंबडीची काळीज-कलेजी मुद्दाम शोधून घातली. वेन्देलीन आजोबांनी बोरोविच्काची बाटली काढून सगळ्यांच्या छोट्या ग्लासांत ती कडक दारू ओतली.

सिडाने टेबलाखाली रास्तोच्या गुडघ्याला गुडघा लावला. आता.

आजोबा उठले. ग्लास वर धरला. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखात ग्लास उचलताना जे म्हणतात तेच म्हणाले, "देव सुख देवो!"

आणि सिडाच्या तोंडून निघालं, "देव ऐको!"

निघणारच! असं कुणी म्हटलं की त्याला असंच उत्तर द्यायचं असतं. इथे बोलायला शिकायच्या आधी पोरं हे उत्तर शिकतात. वस्तीवर शिकतात, चौकात शिकतात, कुठेही. तोंड उघडायच्या आधी माणूस विचार करत नाही. बाकीच्यांचेही ओठ हलले होते, पण तिचा आवाज सगळ्यांत आधी आला, खणखणीत, इथल्या खास हेलात.

ग्लास हवेतच राहिले.

"हे काय?" आजोबांचे डोळे मोठे झाले. "हिला येतं की!"

व्लास्ताआत्यांनी हेर्मीनाबाईंकडे बघितलं. हेर्मीनाबाईंनी सूपाकडे. सिडाने रास्तोकडे बघितलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं. बरं झालं! आता काही कसरत करायला नको. दार आपोआप उघडलंय, याने नुसतं आत पाऊल टाकायचंय. एक वाक्य.

रास्तो उठला. खरंच उठला. कान लाल झाले होते त्याचे.

"मीच शिकवलं तिला," तो म्हणाला. "येताना, गाडीत."

"अरे वा! काय उच्चार आहे! जसा इथलाच. पुन्हा म्हणायला सांग."

आणि रास्तो सिडाकडे वळला, आणि एकेक शब्द सुटा करत, परक्या बाईशी बोलावं तसा, सावकाश इंग्रजीत म्हणाला, "आजोबांना खूप आवडलं. प्लीज, आणखी एकदा म्हण."

त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. ती तिला नीट दिसली. शेजारी झोपणाऱ्या, हिवाळ्यात तिचे पाय आपल्या पायांत घेणाऱ्या माणसाचे ते डोळे होते.

सिडाने ग्लास खाली ठेवला.

"मला कुणी शिकवलं नाही, आजोबा," ती आपल्या भाषेत, त्यांच्याच हेलात म्हणाली. "मी इथलीच आहे. टेकडीपलीकडच्या वस्तीवरची. सिडोनिया मिर्गोवा. तुमचा नातू आणि मी सप्टेंबरात लग्न करणार होतो. हे त्याने आज तुम्हाला सांगायचं होतं."

व्लास्ताआत्यांनी सिडाच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेली आपली पर्स काढून मांडीवर घेतली. सावकाश घेतली, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी. सगळ्यांच्या लक्षात आली.

आजोबा मात्र चिडले नाहीत. ते पुढे वाकले.

"मिर्गोवा म्हणजे मिर्गांच्यातली! बार्नाबाश मिर्गा तुझा कोण?"

"माझे आजोबा."

"बार्नाबाशची नात!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "अगं, माझ्या लग्नात व्हायोलिन वाजवलं त्याने! उजाडेपर्यंत! काय हात होता, काय माणूस होता! असा माणूस पुन्हा होणार नाही."

सिडा खुर्चीत पुढे सरकली. वेडी आशा असते ना, तीच ती. तिला वाटलं, आता हे उठतील, मला जवळ घेतील.

"आणि शहाणा किती!" आजोबा सांगत होते. "कितीही आग्रह करा, टेबलाशी बसायचा नाही. म्हणायचा, मालक, मला आत स्वयंपाकघरातच बरं वाटतं. माझ्या आईने त्याला तिथे पोटभर वाढलं, हं. हातचं राखलं नाही काही." मग ते सुनेकडे वळले. आवाज मऊ होता, मायेचा होता, आणि त्यात एवढंसुद्धा विष नव्हतं. तेच तर वाईट. "हेर्मीना, पोरीला आत बसव गं. इथे अवघडून गेलीये बघ बिचारी. दोन घास सुखाने खाऊ दे तिला."

रास्तोची खुर्ची मागे सरकली.

सिडाने त्याच्याकडे बघितलं. हे वाक्य ऐकून कुठलाही माणूस काय करेल? टेबल उलथेल. निदान, आजोबा, बस्स, एवढं तरी म्हणेल. रास्तो उभा राहिला, वाकला, आणि त्याने दोन्ही हातांनी सिडाची प्लेट उचलली. सूप सांडू नये म्हणून फार जपून उचलली.

"चल, मीही येतो तुझ्याबरोबर आत," तो हळूच म्हणाला. "काय फरक पडतो, सिडा? सूप तेच आहे."

आणि तो प्लेट घेऊन चालायला लागला.

सिडा जागची उठली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिने त्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. त्याच्या हातांतून प्लेट काढून घेतली. परत टेबलाशी आली, आपल्या खुर्चीवर बसली, प्लेट समोर ठेवली, चमचा उचलला आणि खायला लागली.

खोलीत दुसरा आवाज नव्हता, फक्त तिच्या चमच्याचा. आजोबा खिडकीबाहेर बघू लागले. व्लास्ताआत्या पर्सची चेन उघडून बंद करत होत्या. हेर्मीनाबाई एकदाच म्हणाल्या, "सिडा, अगं..." सूप चांगलं झालं होतं. त्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला. तिने नूडल्स संपवल्या, काळीज खाल्लं, प्लेट तिरकी करून शेवटचा थेंब चमच्यात घेतला, रुमालाने तोंड पुसलं आणि रुमालाची घडी करून ठेवली.

"छान झालंय, काकू," ती म्हणाली आणि उठली.

दारात तिने सपाता काढून बूट घातले. नाड्या बांधायला तिने वेळ लावला. मुद्दाम लावला असं कुणी म्हणालं तर ते खरंच आहे. वाकल्या वाकल्या तिला खोलीचा तुकडा दिसत होता आणि त्यात रास्तो. तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता, हात अजून प्लेट धरल्यासारखे पुढे. तो टेबलाशी आला नव्हता, आणि तिने दार उघडलं, ती जिना उतरून गेली, तरी तिच्यामागे बाहेरही आला नाही.